तारी, मारी, पिळी : लॅटिन वर्तमानकाळाची मराठी वाट

या पुस्तकात लॅटिनचा एकच काळ आहे, वर्तमानकाळ. भूतकाळ नाही, भविष्यकाळ नाही, विध्यर्थ नाही. नामांच्या विभक्तीसुद्धा अडल्यापुरत्याच. एवढ्याशा भांडवलावर पुस्तक कशाला काढायचे, असे विचारणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. ती जरा लांबली, कारण लॅटिनच्या क्रियापदापर्यंत मराठी माणसाने कोणत्या वाटेने जावे याबद्दल माझे एक मत आहे, आणि ते ठाऊक नसेल तर पुढचे तक्ते नुसते तक्तेच वाटतील.

लॅटिन शिकू पाहणाऱ्याच्या हाती आपल्याकडे बहुधा इंग्रजी पुस्तक पडते. केनेडीचा १८८८ सालचा लॅटिन प्रायमर अजूनही जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडतो. चांगला ग्रंथ आहे, पण तो इंग्रज मुलासाठी लिहिलेला आहे. इंग्रजी क्रियापद पुरुषाप्रमाणे जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे सहा पुरुष-वचनांना सहा प्रत्यय म्हटले की त्या मुलाच्या पोटात गोळा येतो आणि पुस्तकाची निम्मी पाने त्याची समजूत काढण्यात जातात. आपल्याला त्या समजुतीची गरज नाही. मी जातो, तू जातोस, तुम्ही जाता, ते जातात हे आपण शाळेत जायच्या आधीपासून बिनचूक बोलतो. कर्ता गाळून नुसत्या क्रियापदावर वाक्य उभे करणेही आपल्या सवयीचे. उंबऱ्यावर चपला घालताना 'येतो' म्हटले की पुरते, 'मी' लागत नाही. लॅटिनमध्ये 'वेनिओ' म्हटले की तसेच पुरते. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवायची खोडही दोघांची एकच.

आपण अडखळतो ते दुसरीकडे, आणि त्या जागेचा केनेडीला पत्ताच नाही. पुरुष 'येतो' म्हणतो, बाई 'येते' म्हणते. 'वेनिओ' कोण म्हणते आहे? या पुस्तकातली टिपणे जिते गावात तयार झाली, आणि त्यांची पहिली वाचक पेणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी एक मुलगी होती. तिचा पहिला प्रश्न हाच. पहिला तक्ता पाहून ती म्हणाली, "सर, यात बायकांचा रकाना राहिलाय." राहिलेला नव्हता. लॅटिनच्या वर्तमानकाळात कर्त्याचे लिंग दिसतच नाही. इंग्रज मुलाला यात काही नवल वाटत नाही, कारण त्याच्या क्रियापदातही ते नसते. मराठी वाचकाला मात्र पायरी चुकल्यासारखे होते.

मराठीत हे लिंग आले कुठून? 'जातो'मधले 'जात' हे मुळात विशेषणासारखे चालणारे कृदंत आहे, 'वाहते' पाणी किंवा 'चालता' बैल यातले. कर्त्याप्रमाणे त्याला लिंग आले आणि पुढे पुरुषाचे प्रत्यय त्यालाच चिकटले. म्हणजे आजचा आपला वर्तमानकाळ नंतर बांधलेला आहे. त्याआधी मराठीला दुसरा वर्तमानकाळ होता, थेट संस्कृतच्या करोति-कुर्वन्ति या परंपरेतून प्राकृतातून आलेला: मी करीं, तू करिसी, तो करी, ते करिती. ज्ञानेश्वरांच्या काळी हाच चालता वर्तमानकाळ होता. 'ती करी' आणि 'तो करी' यांत काडीचा फरक नव्हता. पुढे नव्या रूपांनी त्याची जागा घेतली आणि जुना काळ भूतकाळात जाऊन बसला. आज 'आजी पहाटे उठे, जात्यावर बसे' असे म्हटले की आपल्याला गेलेल्या दिवसांची सवय ऐकू येते. व्याकरणात त्याला रीतिभूतकाळ म्हणतात. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त आणि झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताच्या मराठीवरच्या ग्रंथात या रूपांची चिकित्सा आहे. ज्याला हा विषय गोड लागेल त्याने तिकडे जावे.

पण जुना वर्तमानकाळ पुरता मेला नाही. म्हणींत तो अजून वर्तमानकाळच आहे. देव तारी त्याला कोण मारी. बळी तो कान पिळी. दाम करी काम. यातले तारी, मारी, पिळी, करी म्हणजे 'तारत असे' नव्हे. तारतो, मारतो, पिळतो, करतो. काल, आज आणि उद्याही. देवाच्या जागी देवी घातली तरी 'तारी'च राहते. लॅटिनचा वर्तमानकाळ नेमका असा आहे. म्हणून माझा सल्ला असा की 'अमत्' हे रूप समोर आले की त्याचा अर्थ प्रथम 'प्रेम करी' असा मनात म्हणावा, मग संदर्भ पाहून 'करतो', 'करते' किंवा 'करत आहे' असा फोडावा. सुरुवातीला हे नाटकी वाटते. दोन पाठांनंतर लिंगाचा अडथळा बहुतेकांचा सुटतो असा अनुभव आहे.

म्हणींचा हा दाखला मी नुसत्या सोयीसाठी घेतलेला नाही. आपल्या अवतीभोवती जे लॅटिन उरले आहे तेही बरेचसे याच जातीचे आहे. अलिबागच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्याला विचारा. कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही, हे सूत्र तो लॅटिनमध्ये सांगेल: इग्नोरन्तिआ यूरिस् नोन् एक्स्कूसत्. अपघाताच्या खटल्यात पुराव्याची वेगळी गरज न उरता घडलेली गोष्टच बोलते तेव्हा तो म्हणेल, रेस् इप्सा लोक्वितुर्. नुसते कृत्य माणसाला गुन्हेगार करत नाही, मन दोषी असावे लागते, या तत्त्वात 'फकित्' आहे, म्हणजे आपले 'करी'. एक्स्कूसत्, लोक्वितुर्, फकित्: तिन्ही वर्तमानकाळ, तृतीय पुरुष, एकवचन. नियम सांगायचा असतो तेव्हा भाषा हाच काळ उचलते. मराठीने त्यासाठी जुना काळ म्हणींत जपून ठेवला, आणि लॅटिन बोलणारे गेले तरी हाच काळ वकिलांच्या तोंडी राहिला. म्हणून एका काळाचे पुस्तक. आधी हा एक पक्का झाला तर निदान सूत्रे तरी घोकंपट्टी न करता समजतात.

आता संस्कृतविषयी. टिपणांचे दुसरे वाचक गावातलेच एक निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांनी 'वेहो' या धातूचा तक्ता पाहिला आणि शेजारी आपला तक्ता लिहून माझ्यापुढे सरकवला. वहामि, वहसि, वहति, वहामः, वहथ, वहन्ति. लॅटिनमध्ये वेहो, वेहिस्, वेहित्, वेहिमुस्, वेहितिस्, वेहुन्त्. अर्थ तोच, वाहून नेणे. 'वहामः'मधला विसर्ग मुळात सकारच आहे हे त्यांना सांगावे लागले नाही, 'वेहिमुस्'चा शेवट पाहून तेच हसले. मग अस्मि, असि, अस्ति, सन्ति यांच्यासमोर सुम्, एस्, एस्त्, सुन्त्. पिबतिसमोर बिबित्, जीवतिसमोर वीवित्, सर्पतिसमोर सेर्पित्, वमतिसमोर वोमित्. द्विवचन लॅटिनमध्ये नाही याचा त्यांना थोडा विषाद वाटला, कॉलेजातल्या त्या मुलीसारख्या वाचकांना मात्र दिलासा. आत्मनेपद समजलेल्याला 'लोक्वितुर्'सारखी क्रियापदे पाच मिनिटांत कळतात: रूप कर्मणीसारखे, अर्थ कर्तरी. 'भाषते' म्हणताना बोलणारा बोलतच असतो, तसेच इथे.

इतके जुळल्यावर मास्तरांनी जो निष्कर्ष काढला तो मात्र मला मान्य नाही, आणि तो फार ऐकू येतो म्हणून येथे थोडे थांबतो. त्यांचे म्हणणे, लॅटिन संस्कृतातून निघाली. तसे नाही. दोघी बहिणी आहेत, आई-मुलगी नव्हेत. हे ओळखण्याची खूण तक्त्यातच आहे. संस्कृतात जिथे नुसता अ आहे तिथे लॅटिनमध्ये कधी ए, कधी ओ, कधी अ दिसतो: अस्ति आणि एस्त्. ए-ओ हे लॅटिनने मागून घातले की संस्कृतने ते एका अकारात मिळवून टाकले? उत्तर संस्कृतच देते. 'आणि' या अर्थाचा च शब्दाच्या मागे लागतो, रामो लक्ष्मणश्च. लॅटिनमध्ये तसाच मागे लागणारा 'क्वे' आहे, सेनातुस् पोपुलुस्क्वे. मूळचा क-वर्गातला आवाज संस्कृतात अशा ठिकाणी च झाला, आणि तो पुढे एकारासारखा स्वर असेल तरच होतो. म्हणजे तो ए एके काळी तिथे होता. संस्कृतात तो पुसला गेला, खूण राहिली. लॅटिनमध्ये तो स्वतःच राहिला. उलट 'भरति'मधला भ संस्कृतने जपला, लॅटिनने त्याचा फ करून 'फेर्त्' केले. कुणी काय हरवले, कुणी काय राखले, असा हा हिशेब आहे, आणि त्यात दोघींचीही खाती अपुरी आहेत. मास्तरांना हे पटले असे मी म्हणणार नाही. त्यांनी चहा मागवला.

हे साम्य पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आले याची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरची आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. तोच पुढे मराठीत 'क्रिस्तपुराण' रचणारा फादर स्टीफन्स. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात त्याने नोंदवले की इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकच्या वळणाची आहे. विल्यम जोन्सचे कलकत्त्यातले प्रसिद्ध भाषण १७८६ चे, म्हणजे दोनशे तीन वर्षांनंतरचे. फ्रान्झ बॉपने १८१६ मध्ये तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला तो ग्रंथ तर नेमका क्रियापदांच्या रूपांवरच होता: संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांतली धातुरूपे शेजारी शेजारी मांडून. भाषांचे नाते शब्दांवरून ठरवायला गेले तर उसनवारीची शंका येते. प्रत्यय सहसा कुणी उसने घेत नाही. स्टीफन्सचे पत्र मात्र फार उशिरा उजेडात आले, त्यामुळे शास्त्राला त्याचा उपयोग झाला नाही. त्याचे कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापले गेले, तेही लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत बसवून.

लॅटिन धातूंचे चार गण आहेत. संस्कृतचे दहा शिकलेल्याला चार म्हणजे काहीच नाही. गण ठरतो तो धातूच्या शेवटच्या स्वरावर: दीर्घ आ, दीर्घ ए, ऱ्हस्व ए, दीर्घ ई. अमो-अमास्-अमत्, मोनेओ-मोनेस्-मोनेत्, दूको-दूकिस्-दूकित्, औदिओ-औदीस्-औदित्. प्रत्यय चौघांनाही तेच, बदलतो तो सांधा. जिते, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत, तिथे हे मला समजावणे सोपे गेले: साच्यातून धड निघते, हात वेगळे घडवून जोडतात, आणि कसब असते ते जोड न दिसण्यात. तिसरा गण, दूकोचा, असा जोड दिसू न देणारा आहे. त्याचा ऱ्हस्व ए बहुतेक ठिकाणी इ होतो आणि तृतीय पुरुषाच्या अनेकवचनात थेट उ: दूकुन्त्. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या गणाला पुस्तकात दुप्पट पाने आहेत. 'कपिओ'सारखी काही क्रियापदे तिसऱ्या आणि चौथ्या गणाच्या मध्ये लोंबकळतात. ती शेवटी घेतली आहेत.

हे गण पुस्तकाबाहेर कुठे जिवंत आहेत का? आहेत, आणि त्यासाठी रोमला जावे लागत नाही. जित्याहून पेण, अलिबाग, रेवदंडा, आणि कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. रोह्यावरून येणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्तीत 'नौ लिंग' बोलतात. म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीजांनी खाडीच्या अलीकडे चौलला १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले, त्यांच्या भाषेचे जे रूप इथल्या लोकांच्या तोंडी बसले होते ते राहिले. बोलणारे आज हजाराच्या आतबाहेर. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. तिने चार गणांचे तीन केले, आ, ए आणि इ यांचे. कोर्लईच्या बोलीत पुरुषाचे प्रत्यय गळून गेले. मी, तू, तो कुणीही असो, क्रियापद तेच; कोण करतो हे सर्वनामाने सांगायचे. इतकी मोडतोड झाली, पण गणाचा स्वर टिकला. क्रियापदे अजून आ, ए, इ अशा तीन जातींत पडतात. आणि चौथी जात त्या लोकांनी स्वतः केली, उ या स्वराची. तिच्यात काय आहे? मराठीतून घेतलेले धातू. शेजाऱ्याचा धातू आपल्या व्याकरणात घ्यायचा तर त्याला गण हवा, आणि जुन्या तीन गणांत त्याला कोंबायचे नव्हते, म्हणून नवा गण निघाला. दोन हजार वर्षांपूर्वी रोमी व्याकरणकार ज्या तत्त्वावर धातू लावत होते त्याच तत्त्वावर रायगड जिल्ह्यातल्या कोळ्या-शेतकऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांनी मराठीला जागा करून दिली, तीही कुणी व्याकरण न शिकवता. भाषाशास्त्राच्या वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्या जिल्ह्याच्या पर्यटन पत्रकांत कोर्लईचे दीपगृह असते, किल्ला असतो. ही गोष्ट क्वचितच असते.

वनस्पतिशास्त्राच्या वाचकांसाठी थोडे. जानेवारी १९३५ पासून २०११ संपेपर्यंत नव्या वनस्पतीचे नाव मान्य व्हायचे तर तिचे वर्णन किंवा निदान लॅटिनमध्ये देणे सक्तीचे होते. २०१२ पासून इंग्रजीही चालते. म्हणजे त्या पाऊणशे वर्षांत सह्याद्रीत सापडलेल्या वनस्पती समजून घ्यायच्या तर मूळ मजकूर लॅटिन आहे. घाबरण्याचे कारण नाही. त्यात क्रियापदे मोजकी: दिफ्फेर्त्, वेगळी आहे, क्रेस्कित्, वाढते, फ्लोरेत्, फुलते. लिनियसने १७५३ मध्ये प्रत्येक जातीपुढे 'हबितत्' लिहिले, 'राहते'. विज्ञानाच्या पुस्तकातला 'हॅबिटॅट' म्हणजे त्याचेच हे क्रियापद, नाम होऊन बसलेले. संस्कृत आणि वनस्पती ही जोडी आपल्या भागाला नवी नाही. रोह्याचे चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचे मानकरी, आणि पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे.

एक गोष्ट इंग्रजी पुस्तकांत अवघड म्हणून मागे ढकललेली असते, ती मी दुसऱ्याच पाठात घेतली आहे. 'मला आवडते' हे वाक्य इंग्रजीत सरळ जात नाही. लॅटिनमध्ये ते 'मिहि प्लकेत्', शब्दास शब्द. 'मला दोन भाऊ आहेत' म्हणजे मिहि दुओ फ्रात्रेस् सुन्त्. 'असणे' या क्रियापदावरच मालकी सांगायची, 'जवळ बाळगणे' अशा वेगळ्या क्रियापदाची गरज नाही. आपल्या हाती ही वाक्ये आयती येतात, तर ती पहिल्या आठवड्यात का वापरू नयेत? भूतकाळात मात्र आपली वाट बिकट होते. रामाने रावण मारला असे आपण कर्मणी वळणाने बोलतो, लॅटिन तिथेही कर्तरीच ठेवते. ते दुखणे या पुस्तकात नाही.

लिपीविषयी. सर्व लॅटिन देवनागरीत दिले आहे. ऱ्हस्व-दीर्घ अ, इ, उ यांत स्पष्ट दिसतात, ही मोठी सोय: अमास्, पण अमत्. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व रूप आपल्या लिपीत नाही, म्हणून ते ऱ्हस्व असतील तिथे खाली रेघ ओढली आहे. उच्चार जुन्या रोमी पद्धतीचे, दूकित्. गोव्यातल्या सेमिनरीत शिकलेला वाचक 'दूचित्' म्हणेल, तेही चालते, पण एका पानावर एकच पद्धत ठेवावी.

पुरुषांच्या क्रमावरून मास्तरांशी शेवटपर्यंत जमले नाही. संस्कृतात प्रथम पुरुष म्हणजे 'तो', लॅटिनमध्ये पहिला पुरुष म्हणजे 'मी'. लॅटिन कोशही क्रियापद 'मी'च्या रूपाने देतात. म्हणून तक्ते 'मी'पासून सुरू केले आहेत, आणि मास्तरांच्या समाधानासाठी प्रत्येक तक्त्याच्या समासात प्र., म., उ. ही अक्षरे उलट्या क्रमाने छापली आहेत. तक्ते पाढ्यांसारखे मोठ्याने म्हणावेत. पहिला पाठ 'सुम्'चा आहे.